गळ्यातले दात

“माशाच्या डाव्या बाजूला सुरी लावायची नाही, जगाला दाखवायला बिचाऱ्याची एक बाजू तरी शाबूत राहू द्या.”

प्राणिशास्त्र विभागात नवे विद्यार्थी आले की खवलेकाका त्यांना पहिल्याच दिवशी हे ऐकवत. ट्रेमध्ये मासा ठेवायचा तो डोकं डावीकडे करून. चित्र काढायचं डाव्या बाजूचं, खवले मोजायचे डाव्या बाजूचे, आणि चिरायचं झालंच तर मासा उलटवून उजव्या बाजूनं. जगात सगळीकडे हेच चालतं, म्हणून तर इथला मासा दुसरीकडच्या माशाशी ताडून बघता येतो. विद्यार्थी वहीत लिहून घेत. एखादा आगाऊ विचारी, “काका, मग उजव्या बाजूचं काय?”

“उजव्या बाजूनं सोसायचं,” काका म्हणत.

खवले हे त्यांचं आडनाव नव्हे. माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक रेघ असते. पाणी कुठे हललं, हे माशाला त्या रेघेनं कळतं. त्या रेघेवर खवले किती, यावरून पुष्कळ जाती ओळखतात. बाकीचे लोक भिंगाखाली सुईच्या टोकानं मोजत. हे अंगठ्याच्या नखानं मोजत, माळेचे मणी ओढावेत तसे, आणि आकडा चुकत नसे. त्यावरून नाव पडलं आणि असं चिकटलं की एकदा कचेरीतून रजा मंजूर झाल्याचं पत्रसुद्धा ‘श्री. खवले’ यांच्या नावानं आलं. काकांनी ते परत केलं नाही. म्हणाले, “रजा मिळाली ना? मग कोणाची का असेना.”

त्यांचं खरं नाव विभागात फार थोड्यांना ठाऊक होतं. ते एका माशाला मात्र होतं.

तळमजल्यावरची लांबट खोली हे त्यांचं राज्य. उन्हानं नमुन्यांचा रंग उडतो म्हणून खिडक्यांच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या. भिंतीला छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर बरण्या, बरण्यांत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये मासे, तोंड वर करून उभे, कुणीतरी हाक मारली म्हणून थांबल्यासारखे. दरवाजाजवळ एक दगडी टेबल, वाहत्या नळाचं बेसिन, पाणी तापवायची शेगडी. बेसिनच्या जाळीवर नेहमी एक पातळ फडकं अंथरलेलं असे. हाड धुताना काही निसटलं तर ते फडक्यात अडकावं म्हणून.

त्या खोलीत काकांचा एक कायदा होता: ज्याचं त्याच्या बरणीत. माशाचं जे काही सुटेल, खवला असो की पराचा काटा, ते लहान नळीत घालून, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावून त्याच माशाच्या बरणीत परत जायचं. सोबत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठीवर चार रकाने: काय, कुठलं, कधी, कोणी. एका धसमुसळ्या विद्यार्थ्यानं एका जुन्या माशाची शेपटी मोडली, तेव्हा काकांनी ‘कोणी’च्या पुढे त्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट लिहिलं आणि त्याला दाखवलं.

“काका, पुसा ना ते. शंभर वर्षं राहील ते इथे!”

“बघ, मोठ्या लोकांनासुद्धा हे जमत नाही,” काका म्हणाले आणि बरणीचं झाकण लावलं.

काका बाविसाव्या वर्षी इथे बाटल्या धुवायला लागले. त्यांना माशातलं सगळं शिकवलं ते सरांनी. सर म्हणजे त्या काळातले प्राध्यापक, आता हयात नाहीत. त्यांचा सगळा जीव कार्प कुळातल्या माशांत होता. गोड्या पाण्यातलं हे सगळ्यांत मोठं खटलं: पाटातल्या बोटभर मासोळ्यांपासून माणसाच्या उंचीच्या धुडांपर्यंत, काचेच्या भांड्यातला सोनेरी मासाही त्यातलाच. एवढ्या गोतावळ्यात कोण कोणाचा हे लावायचं कसं? सर सांगत, आणि पुढे काका त्यांच्याच शब्दांत सांगू लागले: “याच्या तोंडात बोट घाल. घाबरू नको. चावत नाही, कारण तोंडात दातच नाहीत. दात गळ्यात आहेत.”

कल्ल्यांच्या मागे, घशाच्या दोन्ही अंगांना, धनुष्यासारखं वाकलेलं एकेक हाड असतं. दात त्या हाडावर उगवलेले. गिळलेलं अन्न मासा त्या दातांनी वरच्या कडक गादीवर दाबून चिरडतो. बाहेरून काही दिसत नाही. कोणत्या जातीत दातांच्या किती ओळी आणि कोणत्या ओळीत किती दात, याचा हिशेब ठरलेला: कुठे एक ओळ, कुठे दोन, कुठे तीन. वरून सारखे दिसणारे दोन मासे गळा उघडला की वेगळे निघतात. आणि याच कुळात पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी गेलेली असते. पाण्यातला आवाज आधी पिशवीला कळतो, मग कानाला. “म्हणजे हा मासा पोटानं ऐकतो आणि गळ्यात चावतो,” काका म्हणत. “माणसासारखाच. फक्त बोलत नाही.”

चारशे बारा नंबरच्या बरणीला तांबडी फीत होती. ज्या एका माशावरून नवी जात ठरली, त्या मूळ नमुन्याच्या बरणीला अशी फीत बांधतात. एकोणतीस वर्षांपूर्वी सरांनी तो मासा धरणाच्या जागेखालच्या वळणावरून आणला होता. धरण तेव्हा बांधायचं होतं. एकच मासा मिळाला. दिसायला ओळखीच्या एका जातीसारखा, फक्त कुशीवरचे खवले दोन-तीननं कमी, पण एवढा फरक एका जातीतही पडतो. सरांनी गळ्याचं उजवं हाड काढलं आणि साफ करायला काकांकडे दिलं. डावं अर्थात आतच राहिलं.

हाड साफ करायची रीत अशी: पाणी उकळून खाली उतरवायचं, वाफ जरा बसली की त्यात हाड सोडायचं, शंभर आकडे मोजायचे आणि काढायचं. मग मऊ ब्रशनं मांस सुटून येतं. त्या दिवशी काकांनी साठपर्यंत मोजलं आणि वरच्या वर्गातला प्रोजेक्टर अडकला म्हणून बोलावणं आलं. परत येईपर्यंत हाड पाण्यातच होतं. त्यांनी ते घासलं, वाळवलं, आणि नेहमीसारखं काळ्या कार्डावर डिंकानं चिकटवलं. डिंक जरा सढळ हातानं लागला. हाडावर दातांच्या दोन ओळी होत्या.

सरांनी भिंग लावलं आणि ते खुर्चीतून उठले. ओळखीच्या जातीत तीन ओळी असतात, पाच, तीन आणि कडेला दोन. इथे दोनच ओळी. म्हणजे जात वेगळी.

शनिवारी काकांनी बेसिनचं फडकं पिळायला काढलं. पिळताना बोटाला काहीतरी टोचलं. मोहरीहूनही लहान, टोकाशी किंचित वाकलेले दोन दात. त्या आठवड्यात पाच मासे साफ झाले होते आणि बाकी चारांचे दात काकांनी स्वतः मोजले होते. हे सरांच्या माशाचेच, शंकेला जागाच नव्हती. ते ओल्या मुठीत दात धरून सरांकडे निघाले, तर सरच दारात.

“अरे, नाव ठरलं,” सर म्हणाले. “तुझं.”

“माझं काय, सर?”

“माशाचं नाव. तुझ्या नावाला लॅटिन शेपूट लावलंय. माझे सगळे मासे तू धुतलेस, तू राखलेस. माझं नाव काय, कागदोपत्री येतंच. हात दे इकडे.”

काकांनी डावा हात पुढे केला. सरांना वाटलं, पोरगा गांगरला. उजवी मूठ मिटलेलीच होती.

सोमवारी सांगू, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी सरांनी सगळ्या विभागाला बोलावून सांगितलं होतं. मग छापायला गेलं आहे, आल्यावर सांगू. छापून आलं तेव्हा सरांनी त्याची एक प्रत सही करून घरी आणून दिली आणि काकांच्या म्हाताऱ्या आईला स्वतः वाचून दाखवली. त्यानंतर सांगण्यासारखा दिवस आला नाही. दात फेकून द्यावेत, असं मात्र त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. ज्याचं त्याच्या बरणीत. त्यांनी ते नळीत घातले, बोळा लावला, नळी चारशे बाराच्या बरणीत माशाच्या खाली, तळाच्या कापसात सारली. चिठ्ठी लिहिली नाही. साडेतीन हजार बरण्यांच्या त्या खोलीत चिठ्ठी नसलेली ती एकच वस्तू होती. दर वर्षी ते बरणीत स्पिरिटची भर घालत आणि कापूस जिथल्या तिथे आहे, हे बघत.

पुढे कोणी मूळ नमुना बघायला मागितला की काका स्वतः समोर उभे राहत. “बघा, पण डावी बाजू उघडायची नाही.” लोक म्हणत, काय शिस्त आहे! डाव्या हाडावर तिसरी ओळ शाबूत असणार, हे एकट्या काकांना माहीत होतं.

घरी त्या माशाचा फार बोलबाला होता. सही केलेली प्रत कपाटाच्या काचेमागे उभी असे. मुलगी शाळेपासून सांगत आली, “आमच्या बाबांच्या नावाचा मासा आहे.” बायको शेजारणींना सांगे आणि वर जोड देई, “नावाचाच. एक मासा साफ करायला दिला तर तास लावतात, आणि शेवटी ताटात हाडं आणि बशीत दात मांडून ठेवतात.” बाजारात तर त्यांना कोणी दारातच उभं करत नसे. कोळीण ओरडे, “वहिनी, भाऊंना लांब उभं करा! विकत घ्यायचाय की वर्ग भरवायचाय?”

काकांच्या निवृत्तीला वर्ष उरलं, तेव्हा विभागात एक संशोधक मुलगी आली. सरांनी लावलेलं कार्प कुळाचं सगळं वर्गीकरण ती नव्यानं तपासत होती. ती त्यांना काका म्हणे, ते तिला मॅडम. “मॅडम म्हणू नका हो,” ती वैतागे. “बरं मॅडम,” ते म्हणत. तिचा हात हलका होता. पहिल्याच आठवड्यात तिनं सुटलेला एक खवला न सांगता नळीत घालून चिठ्ठी लिहिली. त्या दिवसापासून काकांनी तिला चांगलं भिंग द्यायला सुरुवात केली.

ती वर्षभर धरणाखालच्या वळणावर जाऊन आली. त्रेचाळीस मासे आणले. काकांनी त्रेचाळीस गळे साफ केले, प्रत्येक वेळी शंभर मोजून. प्रत्येक हाडावर तीन ओळी होत्या.

“काका, तुमचा मासा मला भेटतच नाहीये,” ती हिरमुसून म्हणाली.

“माझा कुठला, सरांचा.”

“तुमच्याच नावाचा. वरच्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला बघितलं.” तिनं कागद पुढे ओढले. “मी आता लिहून टाकलंय. धरण झाल्यावर पाणी बदललं, आणि ही जात संपली. बहुधा नामशेष.”

काका चिमटा पुसत होते. “संपली म्हणजे मेली?”

“हो. एकही उरला नाही.”

“पण मॅडम, जन्मला होता का, हे बघायला नको?”

ती हसली. “तुमच्याच बरणीत आहे की पुरावा! एकच आहे, म्हणून तर मी त्याला हात लावत नाही. तुमचीच शिकवण.” आणि ती पुन्हा लिहायला लागली. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं. तिचा पहिला मोठा लेख, कितीतरी वेळा खाडाखोड करून नेटका केलेला. सोमवारी ती तो पाठवणार होती.

चुकीच्या नावांचं पुढे काय होतं, हे काकांना कोणी सांगायची गरज नव्हती. जात खोटी निघाली की नाव पुसत नाहीत. खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात ठेवतात आणि पुढे लिहितात, हे वापरू नये. बरणीची तांबडी फीत राहते, वर दुसरी चिठ्ठी येते. असल्या चिठ्ठ्या डकवायचं काम एवढी वर्षं काकांचंच. दुसऱ्यांच्या नावांवर डकवताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. डिंक लावायचा, अंगठ्यानं दाबायचं, पुढची बरणी.

शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ ठरला होता. विभागप्रमुख खास खाली येऊन सांगून गेले, “काका, तुमच्या माशाचं मोठं चित्र करतोय, फ्रेम करून. खाली तुमचं नाव सोनेरी अक्षरात. वहिनींना पुढच्या रांगेत बसवायचं, काय?”

रविवारी सकाळी बायकोबरोबर बाजारातून परतताना काका म्हणाले, “समजा, माशाला माझं नाव नसतं, तर?”

“तर काय? मी लग्न केलं तेव्हा कुठे होता मासा?” पिशवी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली. चार पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाली, “शेजारच्या दोघी येणार आहेत हं शुक्रवारी. त्यांना म्हटलंय, नाव वाचायला चष्मे घेऊन या.”

काका हो म्हणाले. सांगायला तोंड उघडलं होतं, ते दुसऱ्याच कशाला तरी वापरलं. मिरच्या राहिल्या का, असं काहीतरी विचारलं. गळ्यातलं गळ्यातच राहिलं. एकोणतीस वर्षांत ते आत किती बारीक दळलं गेलं असेल, त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण नाव जाण्यापेक्षा वेगळंच काहीतरी त्या दिवशी त्यांना टोचत होतं. नवी जात सापडल्याचं सरांचं वाक्य सरांबरोबर गेलं होतं. आपल्या नावाचं काय, ते नळीत पडलेलंच होतं. पण उद्या एक नवं वाक्य निघणार होतं, न जन्मलेल्या माशाच्या मरणाचं, आणि त्याच्याखाली त्या मुलीचं नाव जाणार होतं. तिनं एकदाही आकडा मोजायला कंटाळा केला नव्हता.

सोमवारी ते नेहमीच्या वेळेला आले. डबा खुंटीला लावला. शेगडीवर पाणी ठेवलं. संशोधक मुलगी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लेखावरून शेवटचा हात फिरवत होती.

काकांनी चारशे बारा खाली उतरवली. तांबड्या फितीची बरणी बघून ती उठली.

“काय झालं? गळतेय का?”

काकांनी झाकण उघडलं. लांब चिमट्यानं मासा काढून ट्रेमध्ये ठेवला, डोकं डावीकडे. त्याच्यावर स्पिरिटचं ओलं कापड टाकलं. मग बरणीच्या तळाचा कापूस काढला आणि कापसातून नळी. बोळा उपसला, नळी काचेच्या बशीवर उलटी केली. दोन दात बशीत पडले, मोहरीहून लहान, पिवळसर.

“हे काय आहे?”

काकांनी खणातून काळं कार्ड काढलं, सरांच्या माशाच्या हाडाचं. पाण्यात बोट घालून बघितलं, आणि कार्ड कोमट पाण्यात सोडलं. जुना डिंक आधी पांढरा झाला, मग धाग्यांसारखा सुटून वर यायला लागला. हाड मोकळं झालं. त्यांनी ते चिमट्यानं उचललं, मऊ ब्रशनं दोनदा पुसलं, बशीत दातांच्या शेजारी ठेवलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. चांगलं भिंग.

तिनं डोळा लावला. दुसऱ्या ओळीच्या पलीकडे, हाडाच्या कडेला, दोन बारीक खड्डे होते, इतकी वर्षं डिंकाखाली झाकलेले. तिनं सुईच्या टोकानं एक दात ढकलत खड्ड्यापाशी नेला. तो बसला.

“काका, हे म्हणजे...” ती म्हणाली. “तीन ओळी. हा तोच मासा आहे. नेहमीचाच.” मग तिला पुढचं कळलं. तिनं भिंग खाली ठेवलं. “काका, पण मग तुमचं नाव...”

काकांनी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक ओढली. पेन्सिलीचं टोक नखानं तपासलं. काय: दात, दोन, कडेच्या ओळीचे. कुठलं: गळ्याचं उजवं हाड. कधी: इथे त्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वीची तारीख लिहिली, ती आठवायला त्यांना थांबावं लागलं नाही. पुढे कंसात, धुताना निघाले. मग कोणी.

त्या रकान्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर दाबून.

दार उघडून विभागप्रमुख आत डोकावले. हातात कागद होता. “काका, बरं झालं सापडलात. फ्रेमवाला खाली थांबलाय. तुमचं नाव एकदा बघून द्या, बरोबर आहे ना?”

मुलीनं चिठ्ठीकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी दात नळीत घातले, बोळा लावला, चिठ्ठी आणि नळी तिच्यापुढे सरकवली. मासा बरणीत ठेवला, डावी बाजू पुढे करून. हात धुतले. बेसिनच्या जाळीवरचं फडकं काढलं, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं, पिळलं, पुन्हा अंथरलं. शेगडी बंद केली. खुंटीवरचा डबा घेतला.

“काका?” विभागप्रमुख कागद पुढे धरून म्हणाले.

काका त्यांच्या बाजूनं, दाराला धक्का न लावता, बाहेर निघून गेले.